गाणे राहिले, कवी कुठे गेला?

आंबेडकरी चळवळीने गाण्याला केवळ करमणूक कधीच मानले नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे लोकांत गेले ते बाबासाहेबांचा विचार पोचविण्यासाठी. ज्यांना अक्षर मिळू दिले नव्हते त्यांचे पुस्तक म्हणजे गाणे. आमच्या घरातली पदवी घेणारी पहिली पिढी माझी. वडिलांना वाचता येत नव्हते. महाडचे तळे, पुणे करार, नागपूरची दीक्षा हे सारे त्यांना गाण्यातून कळले आणि त्यांच्याकडून मला.

या गाण्यांना एक रीत होती. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे आपले नाव गुंफीत. ही रीत चोखोबांच्या अभंगापासून चालत आलेली. ज्या समाजाची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, त्या समाजातल्या कवीने आपली नोंद आपणच करून ठेवली. या नोंदीचे गेल्या पंचवीस वर्षांत काय झाले हे समजून घ्यायचे तर एमपीथ्री सीडी ही साधी वस्तू नीट पाहिली पाहिजे.

आमचे वाटूर जालना-मंठा रस्त्यावरचे. २००५ च्या सुमारास फाट्यावरच्या जीपगाड्यांतून आणि वस्तीतल्या जयंतीच्या मंडपातून कॅसेटी मागे पडल्या आणि या सीड्या आल्या. कॉलेजात जाणारी पोरे कानाला लावायचा सीडी प्लेअर पिशवीत बाळगू लागली. कॉम्प्युटरवाला हवी ती गाणी एका कोऱ्या सीडीत भरून देई. साठ मिनिटांच्या कॅसेटीवर पोसलेल्या माणसाला एका सीडीत बारा तासांची गाणी मिळणे ही अपूर्वाईच होती.

हे साधते कसे? साध्या गाण्याच्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, तेही डाव्या व उजव्या बाजूचे वेगवेगळे. म्हणून तिच्यात ७४ ते ८० मिनिटेच मावतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी एमपीथ्री घडविण्यात मोठा वाटा उचलला. १९९५ साली त्यांनी तिच्या फायलींना हे नाव दिले. तिचे तत्त्व माणसाच्या कानावर उभे आहे. हलगी कडाडत असताना तिच्याखालचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. मग तो साठवायचा कशाला? असे न जाणवणारे आवाज वगळून उरलेले थोडक्या जागेत मांडायचे. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणात गाणे मूळच्या अकराव्या हिश्श्यात येते. एक मिनिट सुमारे एक एमबी. म्हणजे ७०० एमबीच्या सीडीत पाच मिनिटांची एकशेचाळीस गाणी.

या काटछाटीने गाण्याचे फारसे बिघडत नाही. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा कंठ तिच्यातूनही अंगावर येतो. मोठी हानी दुसरीकडे झाली. कॅसेटीच्या वेष्टनावर कवी, गायक, संगीतकार यांची नावे बहुधा छापलेली असत. वस्तीतून मी जमवलेल्या सीड्यांवर मात्र स्केचपेनने ‘भीमगीते’ एवढेच लिहिलेले आहे. आत फायलींची नावे म्हणजे नुसते क्रमांक. काही गाणी शेवटच्या कडव्याआधीच तोडलेली. म्हणजे कवीने स्वतः गुंफलेले नावही गेले. वर्गात विद्यार्थी ही गाणी तोंडपाठ म्हणतात. कवी कोण असे विचारले की गायकाचे नाव सांगतात, नाहीतर गप्प बसतात.

हा दोष एकट्या कॉम्प्युटरवाल्याचा नाही. एमपीथ्री फायलीत नावे नोंदविण्याची सोय १९९६ साली झाली. फायलीच्या शेवटी १२८ अक्षरांची जागा: गाण्याचे नाव तीस, कलाकार तीस, संग्रह तीस, वर्ष चार, शेरा तीस. कवीसाठी रकानाच नव्हता! ज्या बाजारासाठी ही मांडणी झाली तिथे गाणे गायकाच्या नावाने ओळखले जाते. आमच्याकडे ते आधी शाहिराचे असते. १९९८ च्या सुधारित मांडणीत गीतकाराचा रकाना आला. पण आमच्याकडच्या सीड्यांत तो रिकामाच राहिला. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या आयाबायांना तर कुठलाच रकाना मिळालेला नाही.

म्हणून हे काम आपणच केले पाहिजे, आणि त्यात अवघड काही नाही. जुनी कॅसेट कॉम्प्युटरला जोडून आधी न दाबलेली पूर्ण प्रत घ्यावी व ती जपावी. एमपीथ्री एकदा केल्यावर वगळलेला आवाज परत येत नाही. ऐकण्यासाठी तिच्यावरून एमपीथ्री करावी. फायलीला नाव देताना आधी ०१, ०२ असा क्रमांक, मग गाणे, मग कवी, मग गायक असे लिहावे. प्लेअर बहुधा त्याच क्रमाने वाजवितो. जुन्या प्लेअरला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी रोमन अक्षरे घ्यावीत. सीडी ‘डेटा’ म्हणूनच राइट करावी, ‘ऑडिओ’ म्हणून केली तर ऐंशी मिनिटांतच भरेल. वेग कमी ठेवावा आणि शेवटी सीडी बंद करण्याची आज्ञा द्यावी, नाहीतर दुसऱ्या यंत्रात ती उघडत नाही.

घाई मात्र आहे. राइट केलेल्या सीडीतला रंगाचा थर ऊन व उष्णतेने खराब होतो. पत्र्याखाली मराठवाड्याचे उन्हाळे काढलेल्या माझ्याजवळच्या कित्येक सीड्या आज उघडत नाहीत. गाणी आता मोबाइलवर आली, पण तिथेही बिननावाच्या त्याच फायली फिरताना मी पाहतो. कोणते गाणे कुणाचे हे सांगू शकणारी माणसे आता सत्तरीत आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, गाणी ऐकवावीत आणि ते सांगतील ती नावे लिहून घ्यावीत. एकाच नावाबद्दल दोन मते पडली तर दोन्ही नोंदवावीत. इतरांनी आपली नावे लिहिली नाहीत ही आपली जुनी तक्रार रास्तच आहे. पण या फायली आपल्या हातात आहेत आणि त्यांतले रिकामे रकाने आपल्यालाच भरायचे आहेत.