गाडी नक्की कुणाची?

रविवारी सकाळी सौदा ठरतो. पैसे खात्यावर जमा होतात, पेढे वाटले जातात, किल्ली हातात पडते आणि घेणारा गाडी काढून निघतो. पुढच्याच चौकात सिग्नलला थांबलेली ती गाडी आता कुणाची? घेणारा म्हणेल, माझी. आरटीओची नोंद म्हणेल, अजून जुन्या मालकाची. आणि खरं नवल असं, की कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

आपल्या देशात मालकीकडे बघणारे दोन वेगवेगळे कायदे इथे समोरासमोर येतात. पहिला १९३० चा माल विक्री कायदा. त्याच्या लेखी गाडी ही जंगम वस्तू. दोघांनी मनापासून ठरवलं, व्यवहार पुरा झाला, की मालकी सरकली. दुसरा १९८८ चा मोटार वाहन कायदा. त्यातली ‘मालक’ या शब्दाची व्याख्या थेट आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो मालक. कर्जावर किंवा भाडेखरेदीवर घेतलेल्या गाडीच्या बाबतीत जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती, असा एक अपवाद आहे. पण आपल्यातल्या बहुतेक सौद्यांना मूळ नियमच लागू होतो. म्हणजे किल्ली दिल्यापासून नोंद बदलेपर्यंतच्या काळात एकाच गाडीला दोन मालक असतात. एक सौद्याने झालेला, दुसरा नोंदीने राहिलेला.

कायदा एवढा का अडून बसतो? ज्याने पैसे मोजले त्याला सरळ मालक का मानत नाही? हे कोडं उलगडतं ते एका तिसऱ्या माणसामुळे. तो सौद्याच्या वेळी हजर नसतो. त्याला विकणारा ठाऊक नाही, घेणारा ठाऊक नाही. तो आपला रस्ता ओलांडत असतो आणि ती गाडी त्याला धडकते. त्याच्या हाती फक्त एक गोष्ट लागते: नंबर प्लेट. त्या नंबरामागे एक आणि एकच नाव सापडलं पाहिजे, एवढ्यासाठी सगळी मांडणी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. २००७ मध्ये एकाने गाडी विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. कुणीच नोंद बदलली नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि भरपाई कुणी द्यायची, असा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाने जबाबदारी ठेवली ती पहिल्या माणसावर, ज्याने गाडी जवळपास दोन वर्षांपूर्वी विकली होती, पण ज्याचं नाव नोंदीत तसंच होतं. कारण उघड आहे. ज्याच्या घरावर आघात झाला, त्याने गाडी कुणाकडून कुणाकडे गेली याचा माग काढत का फिरावं?

एकदा हा तिसरा माणूस नजरेसमोर आला, की आरटीओच्या रुक्ष वाटणाऱ्या कागदांना अर्थ येतो. फॉर्म २९ हा विकणाऱ्याने द्यायची सूचना: मी गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला दिली. राज्यातल्या राज्यात सौदा असेल, तर त्यासाठी कायद्याने १४ दिवस दिले आहेत. फॉर्म ३० हा नाव बदलण्याचा अर्ज, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या बाजूने कळवायचं असतं. दोघांवर स्वतंत्र जबाबदारी टाकण्यातच शहाणपण आहे. एकाने आळस केला तरी दुसऱ्याला आपलं कर्तव्य पार पाडता येतं.

आता खुद्द गाडीकडे या. कागदावरची गाडी आणि दारात उभी असलेली गाडी एकच, हे कसं पटवायचं? नंबर प्लेट तर खोटीही लावता येते. म्हणून चेसिस नंबर. बॉनेटखाली किंवा सीटखालच्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो. आरटीओच्या कामात मुरलेला माणूस तिथली धूळ फडक्याने पुसतो, कागदाची पट्टी किंवा चिकटपट्टी त्यावर दाबून धरतो आणि पेन्सिलचं शिसं आडवं घासतो. एकेक अक्षर कागदावर उमटत जातं. हाच चेसिस प्रिंट. ऑनलाइन अर्जांच्या जमान्यातही हा शिशाचा ठसा फॉर्मवर डकवलेला दिसतो, कारण त्यात धातूवरच्या खुणा जशाच्या तशा उतरतात. खाडाखोड करून नंबर पुन्हा ठोकला असेल, तर अक्षरांची ठेवण आणि खोली चुगली करते.

त्या नंबरात १७ अक्षरं-अंक असतात. इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा होतो. पहिली तीन स्थानं कारखानदाराची: एमएटी दिसलं तर टाटा मोटर्स, एमए३ दिसलं तर मारुती सुझुकी, एमए१ दिसलं तर महिंद्रा. मालक बदलतील, रंग बदलेल. ही ओळख मात्र कारखान्यातून बाहेर पडताना मिळते आणि भंगारात जाईपर्यंत सोबत राहते.

नंबर प्लेटचंही असंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी कितीही हात फिरली तरी नंबर तोच. साताऱ्याची एमएच ११ पासिंग गाडी पुण्यात विकली, म्हणून ती एमएच १२ होत नाही. बदलतं ते आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, नाव आणि मालकाचा क्रमांक. सावंतवाडीची एमएच ०७ गाडी पणजीच्या माणसाने घेतली, तर मात्र गोष्ट वेगळी. आधी फॉर्म २८ भरून मूळ आरटीओकडून एनओसी घ्यावी लागते. ती देण्याआधी गाडी चोरीची नाही ना, कर थकला नाही ना, हे पाहिलं जातं. परराज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी राहणार असेल, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो.

गाडीवर कर्ज असेल, तर आरसीवर बँकेचं नाव चढलेलं असतं. सातबाऱ्यावरचा बोजा जसा, तसाच हा. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असं नाही. बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आरटीओत जाऊन ती नोंद निघाली, तरच उतरला.

विम्यात तर कायद्याची माया स्पष्ट दिसते. गाडी हस्तांतरित झाली, की तिचा विमाही नव्या मालकाच्या नावे गेल्याचं कायदा मानतो, म्हणजे रस्त्यावरच्या त्या तिसऱ्या माणसाचं छत्र मध्येच उडत नाही. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे बदलासाठी अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही. तो जपून चालवणाऱ्या माणसाने कमावलेला असतो, आणि त्याच्याकडेच राहतो.

मालकच हयात नसेल तर? नियमांनी तेही धरलं आहे. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवलं, तर तीन महिने तो ती गाडी स्वतःकडे आल्यासारखी वापरू शकतो. त्या मुदतीत फॉर्म ३१ भरायचा. दुःखाच्या दिवसांत माणसाला सावरायला वेळ लागतो, हे एका रुक्ष नियमाने ओळखलेलं बघून मन भरून येतं. आता आरसीवर नामनिर्देशनही करता येतं.

एक जुनी फट अलीकडे बुजवली गेली. गाडी डीलरच्या आवारात महिनोन्‌महिने उभी राहायची, कागद जुन्या मालकाच्या नावावर, चाचणीला मात्र भलतेच लोक न्यायचे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरने गाडी ताब्यात घेतल्याचं कळवलं, की ती पुढे विकली जाईपर्यंत मानीव मालक तो डीलर.

म्हणून गाडी विकताना कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहा, डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या घ्या, प्रती ठेवा, आणि परिवहन खात्याच्या पोर्टलवर नाव बदललेलं स्वतः पाहा. घेणाऱ्यानेही ‘करू निवांत’ म्हणू नये. यात आपला फायदा आहेच. पण आपल्या गाडीसमोरून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला जाब विचारायला एक खरं नाव मिळावं, हा त्याचा हक्क आहे, आणि तो पुरा करायला दोन फॉर्म आणि पेन्सिलचा एक ठसा पुरतो.