सायकलची साखळी : दोन कड्यांचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीची एक विद्यार्थिनी दुपारच्या प्रात्यक्षिकांना सलग तीन आठवडे आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की तिची सायकल बिघडली आहे. गाव पाच किलोमीटरवर. प्रात्यक्षिक संपल्यावर गावाकडे जाणारी एस.टी. नाही आणि अंधारात एवढे अंतर पायी येऊ द्यायला घरचे तयार नाहीत. सायकल तिला आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळाली होती. "चेन सारखी पडते जी सर," ती म्हणाली. गावातल्या दुरुस्तीवाल्याने 'चेन वाढली' असे निदान करून दोन कड्या काढून दिल्या होत्या. आठ दिवस सायकल बरी चालली, मग पुन्हा तेच. आता नवी चेन टाकायची, की सायकल भंगारात द्यायची, यावर घरात चर्चा चालू होती.

मी तिला म्हटले, आधी प्रयोगशाळेतली मोजपट्टी घे आणि साखळी मोज.

सायकल तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल. साखळी पडली की हात काळे करून ती बसवण्याचा अनुभवही असेल. तेव्हा ही साखळी 'वाढते' म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. हे एकदा कळले, की ती कधी बदलावी आणि दुकानातून कोणती आणावी, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

लोखंड रबर नव्हे

'साखळी ताणली' असे आपण सहज म्हणतो. पण हूकचा नियम तुम्ही शिकला असाल. पोलादाच्या पट्टीवर ओढ दिली की ती अत्यल्प लांबते आणि ओढ सोडली की मूळ लांबीवर येते. पायडल मारण्याच्या जोराने साखळीच्या पट्ट्या कायमच्या लांबत नाहीत. लांबी वाढते ती झिजेमुळे.

जुनी साखळी हातात घेऊन निरखून पाहा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, पुन्हा बाहेरच्या दोन, असा क्रम दिसेल. त्यांना जोडणारी एक बारीक पिन असते. पिनेवर बुश म्हणजे छोटी नळी आणि त्या नळीवर मोकळा फिरणारा रोलर. ही रचना मूळच्या स्वित्झर्लंडच्या आणि मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या अभियंत्याची. तिचे पेटंट १८८० सालचे. पाचच वर्षांनी, १८८५ साली, इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्लीची 'रोव्हर' सायकल आली. मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी ही सायकल आपल्या आजच्या सायकलींची पूर्वज.

दोन लगतच्या पिनांच्या केंद्रांमधील अंतराला पिच म्हणतात. सायकलच्या साखळीत ते अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असते. साधी सायकल असो की गिअरची, हे अंतर तेच. साखळी वळते तेव्हा पिन बुशच्या आत किंचित फिरते आणि तिथे दोन्ही घासतात. पिन बारीक होते, बुशचे भोक मोठे होते आणि प्रत्येक सांध्यात थोडी मोकळीक येते. शंभराहून अधिक सांध्यांतली ही मोकळीक एकत्र झाली, की आपण म्हणतो साखळी वाढली.

किती घासते? आता थोडी आकडेमोड करू. या मुलीच्या सायकलचे चाक २६ इंची, पुढच्या चेनव्हीलला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर. पायडलची एक फेरी झाली, की चाकाच्या ४४/१८ फेऱ्या होतात आणि सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. जाऊन-येऊन १० कि.मी. म्हणजे पायडलच्या २,००० फेऱ्या. प्रत्येक फेरीत ४४ कड्या पुढे सरकतात, एकूण ८८,०००. मुळात साखळी होती १०८ कड्यांची, म्हणजे दिवसाला संपूर्ण साखळीच्या ८१५ फेऱ्या. एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो : चेनव्हीलवर चढताना, उतरताना आणि फ्रीव्हीलवर पुन्हा तसेच. म्हणजे एका दिवसात प्रत्येक सांधा तीन हजारांहून अधिक वेळा वळला! चेनव्हीलवर तो ३६० भागिले ४४, म्हणजे जेमतेम ८ अंशांतून वळतो. फ्रीव्हीलवर मात्र पुरत्या २० अंशांतून.

आणि हे वळणे काही ओझ्याशिवाय होत नाही. ४५ किलो वजनाची मुलगी चढावर पायडलवर उभी राहिली, तर साखळीवर ४५ किलोची ओढ पडेल असे वाटते ना? पायडलची दांडी १६५ मि.मी. लांब, चेनव्हीलची त्रिज्या ८९ मि.मी. तरफेचा नियम लावा : ४५ गुणिले १६५, भागिले ८९. ओढ येते सुमारे ८३ किलोग्रॅम-भार. हा सगळा भार चार मि.मी.पेक्षाही बारीक पिनेवर.

त्यात आपल्या भागातली माती. वैनगंगेच्या वाळूचा बारीक कण म्हणजे सिलिका, साध्या पोलादापेक्षा कठीण. भाताच्या कोंड्याच्या राखेतही सिलिकाच मुख्य. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि ती भांडी राखेने घासून लख्ख करण्याची आपली जुनी रीत. साखळीवर पचपचीत तेल ओतले, की त्यात ही माती बसते आणि भांडी घासण्याचाच उद्योग पिन आणि बुशमध्ये सुरू होतो. गाडीचे जळके ऑइल साखळीवर ओतणारे पुष्कळ लोक मी पाहतो. फुकट मिळते, हाच त्याचा एक गुण. साखळी कोरड्या फडक्याने पुसावी, प्रत्येक रोलरवर स्वच्छ तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि बाहेर आलेले तेल पुन्हा पुसून टाकावे. तेल आतल्या सांध्याला हवे असते, बाहेर नव्हे.

वीस कड्या मोजा

लंबकाचा आवर्तकाल काढताना आपण एक दोलन न मोजता वीस दोलने मोजतो. का, ते तुम्हाला माहीत आहे. इथेही तसेच. एक टक्का झीज म्हणजे एका कडीमागे ०.१३ मि.मी. ते डोळ्यांना दिसणार नाही. पण वीस कड्यांत अडीच मि.मी.चा फरक पडतो, आणि तो शाळेच्या मोजपट्टीवरही दिसतो.

साखळी सायकलवरच असू द्या. एका हाताने पायडल किंचित दाबून ती ताठ धरा. मोजपट्टीचे टोक झिजलेले असते, म्हणून १ सें.मी.ची खूण एका पिनेच्या केंद्रावर ठेवा आणि तिथून विसाव्या कडीच्या पिनेपर्यंत मोजा. नव्या साखळीत हे अंतर २५४ मि.मी. भरते. साध्या सायकलला २५६.५ मि.मी., म्हणजे एक टक्का वाढ, ही शेवटची मर्यादा समजावी. गिअरच्या सायकलला २५५.३ मि.मी.लाच थांबावे, कारण तिथे मागच्या चक्र्यांचा संच साखळीहून बराच महाग असतो.

आमच्या विद्यार्थिनीचे उत्तर आले २५९. जवळजवळ दोन टक्के.

आता त्या काढलेल्या दोन कड्यांचा हिशेब पाहा. १०८ कड्यांतून २ काढल्या म्हणजे १.८५ टक्के लांबी कमी केली. तेवढ्या काढूनही साखळी जागेवर बसली, याचाच अर्थ ती तेवढी वाढलेली होती. कड्या काढायची पाळी येते तेव्हा साखळी मर्यादेच्या कधीच पलीकडे गेलेली असते. कड्या काढल्याने लोंबणे थांबते, पण उरलेल्या प्रत्येक कडीचे अंतर १२.७ चे १२.९५ झाले आहे, ते कसे कमी होणार? फ्रीव्हीलच्या दात्यांमधले अंतर तर १२.७ ला बेतलेले. लांब झालेली कडी दात्याच्या बुडाशी नीट बसत नाही, ती टोकाकडे चढते आणि दात्याला वरच्या बाजूने खाऊ लागते. पुढच्या चेनव्हीलचा एक दाता दिवसात २,००० वेळा साखळीखाली येतो, तर मागचा जवळजवळ ४,९०० वेळा. म्हणून आधी झिजते ते फ्रीव्हील. दाते एका बाजूला कलून लाटेच्या शेंड्यासारखे दिसू लागतात.

अशा फ्रीव्हीलवर फक्त नवी साखळी टाकली तर? हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मी दहावीत असताना वडिलांच्या जुन्या सायकलवर नवी कोरी साखळी चढवली आणि ऐटीत निघालो. कारध्याच्या जुन्या पुलाकडून भंडाऱ्याच्या बाजूला चढताना पायडलवर उभा राहिलो, साखळी सटकन दात्यांवरून घसरली, पाय खाली गेला आणि तोंड हँडलवर आपटले. मागून बंडी येत होती, ट्रक नव्हता, म्हणून हा लेख लिहितो आहे. झिजले होते फ्रीव्हीलचे दात आणि तुटला माझा. जुनी साखळी आणि जुने फ्रीव्हील एकमेकांच्या जोडीने झिजलेली असतात. नव्या साखळीच्या कड्या त्या खाल्लेल्या खाचांत बसत नाहीत आणि जोर पडताच उडतात. तेव्हा साखळी एक टक्क्याच्या आत बदलली तर बहुधा साखळीवर भागते. उशीर झाला तर दोन्ही बदलावी लागतात.

दुकानात काय मागाल?

पिच सगळीकडे सारखे, मग फरक रुंदीचा. साध्या, बिनगिअरच्या सायकलला आतून १/८ इंच रुंदीची साखळी लागते. गिअरच्या सायकलीची चक्रे पातळ असतात, तिला ३/३२ इंचाची किंवा त्याहून अरुंद. ही बारीक साखळी साध्या सायकलच्या जाड दात्यांवर बसतच नाही. गिअरवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. सायकलवर '२१ गिअर' असे लिहिलेले असते, पण ते पुढची ३ गुणिले मागची ७. साखळी मागच्या चक्र्यांच्या संख्येवरून मागायची, म्हणजे ७ ची. सहा, सात आणि आठ चक्र्यांना साधारण एकच साखळी चालते. नऊ, दहा, अकरा अशी चक्रे वाढली, की साखळी बाहेरून अधिकाधिक अरुंद होत जाते.

लांबीसाठी जुनी आणि नवी साखळी शेजारी लोंबकळत धरून तोडू नका. जुनी वाढलेली असते, फसाल. कड्या मोजा. पण आधीच कुणी कड्या काढल्या असतील, तर मोजूनही फसाल! अशा वेळी सूत्र कामी येते. चेनव्हील आणि मागच्या चाकाच्या केंद्रांमधील अंतर इंचांत मोजा आणि त्याला ४ ने गुणा. त्यात दोन्ही दात्यांच्या बेरजेची निम्मी संख्या मिळवा. दोन्ही चक्रे लहान-मोठी असल्यामुळे साध्या सायकलला आणखी सुमारे अर्धी कडी लागते. आमच्या सायकलवर अंतर १९ इंच होते : ७६ अधिक ३१ अधिक अर्धा, म्हणजे १०७.५. आतल्या आणि बाहेरच्या पट्ट्या आलटून-पालटून येतात, त्यामुळे संख्या सम हवी. म्हणून १०८. (गिअरच्या सायकलला हे सूत्र पुरत नाही. तिथे साखळी सर्वांत मोठ्या चक्रावरही पुरली पाहिजे.)

बसवताना लॉकच्या क्लिपचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवा, उघडे तोंड मागे. उलट बसवली आणि कशाला अडकली, तर क्लिप निसटून जाते. चाकाचे नट आवळण्यापूर्वी साखळी मध्यावर अर्धा ते पाऊण इंच वर-खाली हलते ना, ते पाहा. फार ताठ केली तर पायडल जड जाईल.

त्या सायकलला नवी साखळी आणि नवे फ्रीव्हील, दोन्ही बसवली. चेनव्हीलचे दाते शाबूत होते, ते तसेच ठेवले. मुलींच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर असते. साडी-ओढणी वाचते हे खरे, पण आतली साखळी महिनोन्महिने कुणाच्या दृष्टीस पडत नाही. तेव्हा मोजण्यासाठी दर महिन्याला कव्हरचा मागचा तुकडा काढायचा, असे ठरले. प्रात्यक्षिकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने एक तक्ता आखला आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत वीस कड्यांच्या चार नोंदी आहेत : २५४, २५४, २५४.५, २५४.५. या सगळ्या कोरड्या दिवसांच्या आहेत. रोवणीचा चिखल अजून यायचा आहे.