नाकाचं ऑपरेशन झालं, पण सूज कधी उतरणार?

हेडफोन घरी विसरला असाल, तर आजचा भाग वाचून काढा. विषय आहे नाक. आणि नाशिकमध्ये बसून नाकावर बोलायचं म्हणजे शूर्पणखेला विसरून कसं चालेल? पंचवटीत लक्ष्मणाने तिचं नाक कापलं आणि त्या 'नासिके'वरून गावाचं नाव पडलं, ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. आता लोक स्वतःहून, पैसे मोजून नाकावर सुरी चालवून घेतात. त्याला म्हणतात ऱ्हायनोप्लास्टी.

ऑपरेशन करावं की नाही, हा वाद आज नको. ज्यांनी करून घेतलंय किंवा ठरवलंय, त्यांच्यासाठी एकच मुद्दा आहे. तिसऱ्या आठवड्यात आरशात जे दिसतं, ते तुमचं नवीन नाक नाही. ते सुजलेलं नाक आहे.

असं का होतं? ऑपरेशनमध्ये नाकाची कातडी आतल्या हाडापासून आणि कूर्चेपासून उचलतात. कूर्चा म्हणजे कानाचा वरचा भाग वाकवला की हाताला लागतं तसलं मऊ हाड. कातडी उचलताना त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तुटतात. पाणी साचतं, पण बाहेर जायचे रस्तेच बंद असतात. ते रस्ते पुन्हा तयार व्हायला महिने लागतात. सगळ्यात उशीर शेंड्याला, कारण तिथली कातडी जाड आणि तेलकट असते. आपल्याकडे बऱ्याच जणांची कातडी मुळातच जाड, त्यामुळे परदेशी व्हिडिओतल्या मुलीचं नाक दोन महिन्यांत टोकदार दिसलं म्हणून तुमचंही दिसेल असं नाही.

साधारण हिशोब असा. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, डोळ्यांखाली काळं-निळं होतं. घाबरू नका, ते दीड-दोन आठवड्यांत ओसरतं. नाकावरचं स्प्लिंट साधारण आठवड्याने निघतं. डोळ्याला जाणवणारी बरीचशी सूज पहिल्या एक-दोन महिन्यांत उतरते. उरलेली मात्र हळूहळू, वर्षभर. जाड कातडी असेल किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर त्याहूनही जास्त. मध्येच एखाद्या सकाळी नाक पुन्हा जाड वाटेल. रात्रभर आडवं झोपल्यावर तसं होतंच, संध्याकाळपर्यंत फरक पडतो. म्हणून तर सुरुवातीला दोन उशा घेऊन डोकं वर ठेवून झोपायला सांगतात.

दिवस मोजत बसायचं हे काम नवं नाही बरं का. टिपू सुलतानाच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवाला पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं. 1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये इंग्लंडमध्ये तसंच ऑपरेशन केलं. मला त्या वर्णनातली नंतरची काळजी जास्त आवडते. काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चार दिवस हलवायच्या नाहीत, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस पाठीवर झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि कपाळाशी जोडलेली कातडी तोडायची ती पंचविसाव्या दिवशी, त्याआधी नाही. (काथ-तूप आता लावू नका, प्लीज.)

आजची पथ्यंही तितकीच साधी आहेत, पण इथल्या रोजच्या जगण्यात ती पाळणं अवघड जातं. महिना-दीड महिना चष्मा थेट नाकावर टेकवायचा नाही. फुल-फेस हेल्मेट काढताना नाकाला घासतं, म्हणून तेवढे दिवस गाडी कोणालातरी चालवायला सांगा, हेल्मेटशिवाय मात्र फिरू नका. नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. जिम, क्रिकेट, गोदावरीत किंवा तलावात उडी, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. रंगपंचमी तोंडावर असेल तर तारीखच पुढे ढकला. ऊन लागू देऊ नका. आणि डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त वाहायची शक्यता वाढते.

मात्र काही गोष्टींत वाट बघायची नाही. सरळ बसूनही न थांबणारं रक्त, ताप, वाढत जाणारी लाली आणि ठणका, धूसर दिसणं, नाकातून सतत स्वच्छ पाणी गळणं. नाक अचानक पूर्ण बंद होऊन दुखायला लागलं तर मधल्या पडद्यात रक्त साचलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा खराब होते. लगेच डॉक्टरांना फोन लावा, रात्र असली तरी.

आता सेल्फीचं. 2018 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार, एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. म्हणजे आधीच सुजलेलं नाक, त्यात फ्रंट कॅमेरा! हवं तर महिन्यातून एकदाच फोटो काढा. मित्राला मागच्या कॅमेऱ्याने, पाच फुटांवरून, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी काढायला सांगा. तिसऱ्या महिन्यात 'पुन्हा ऑपरेशन करा' म्हणून हट्ट धरला, तर चांगला सर्जन बहुतेक वेळा वर्षभर थांबा असंच सांगेल. आणि तोवर मावशी 'अगं, काही फरकच दिसत नाही' म्हणाली, तर तिला हा भाग फॉरवर्ड करा.