शुगर रक्तातून येते की चुलीवरून?



"आमच्या घराण्यातच शुगर आहे." गटाच्या बैठकीत हे वाक्य दोन सुरांत ऐकू येतं. एक सूर हात टेकल्याचा, की नशिबातच होतं, आता पथ्य करून काय होणार? दुसरा बोचरा. मुलाला शुगर निघाली की सासरची माणसं म्हणतात, "हिच्या माहेरून आली." आज मोठेपणी होणाऱ्या शुगरबद्दल बोलू. लहान मुलांना होते आणि पहिल्यापासून इन्सुलिनच लागतं, ती बहुतेकदा वेगळ्या प्रकारची असते.

आपलं गाव कुंकवाचं. हळद पिवळी, पण तिला चुन्याचं पाणी लागलं की ती लाल होते. आता हा लाल रंग हळदीचा म्हणायचा की चुन्याचा? नुसत्या हळदीत तो दिसत नाही, आणि नुसता चुना कितीही कालवला तरी पांढराच राहतो. शुगरचंही तसंच आहे. आईबापाकडून आपल्याला जनुकं मिळतात, म्हणजे शरीर कसं घडवायचं आणि चालवायचं याच्या बारीक सूचना. शुगरचा धोका थोडाथोडा वाढवणाऱ्या अशा शेकडो जागा आता सापडल्या आहेत. एकेकीचा वाटा अगदी चिमूटभर. शिवाय निम्मी जनुकं आईची, निम्मी बापाची. तेव्हा "हिच्या माहेरून आली" म्हणणाऱ्यांनी आपल्या घरचाही निम्मा हिस्सा मोजावा.

घराण्यात शुगर असेल तर धोका वाढतो, हे खरंच आहे. आईवडील दोघांनाही असेल तर आणखी वाढतो. पण आपल्याच गल्लीत एक गोष्ट बघा. सासूला शुगर आहे आणि पुढे सुनेलाही निघते, अशी घरं असतात. त्या दोघींचं रक्ताचं नातं नाही. नातं आहे ते चुलीचं. तोच गोड चहा दिवसातून चार वेळा, तोच भाताचा ढीग, तीच खारी-बिस्किटं. पूर्वी ज्वारीची भाकरी खाऊन दिवसभर खुरपणारी बाई आता दुकानात किंवा मशीनवर बसून असते. जेवण मात्र खुरपणाऱ्या बाईचंच. घराण्यातून जमीन आणि नाव येतं तशा जेवायच्या सवयीही येतात, आणि आपण त्यांना रक्त समजतो.

आता पुण्याकडे वळू. तिथलं केईएम हॉस्पिटल, म्हणजे किंग एडवर्ड मेमोरियल. आपल्या केमशी नाव जुळतं तो निव्वळ योगायोग. तिथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा, दिवस राहण्याच्या आधीपासून अभ्यास केला. त्या आपल्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टन गावची 3.5 किलोची. बाळं लहान, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. असं शरीर शुगरकडे लवकर झुकतं. म्हणून "ती तर काडीसारखी आहे, तिला कुठली शुगर" यावर विसंबू नका. खुद्द याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 साली आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के.

त्याच खेड्यांत असंही दिसलं की ज्या आया गरोदरपणी पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अंगाने मोठी होती. आणि बऱ्याच आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मटण, मासळीत असतं, भाजीपाल्यात नसतं. घरचं दूध डेअरीला जातं, उरलेलं पोरांना आणि पुरुषांना. बाई शेवटी जेवते. म्हणजे बाळाचं भोवतालचं जग त्याच्या जन्मानंतर सुरू होत नाही. ते आईच्या ताटापासून सुरू होतं. यात आईला दोष देऊ नका, ताट तिच्या एकटीच्या हातात नसतं. दवाखान्यातून मिळणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या आणि लोहाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, हेही सांगून ठेवते.

हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांचं शरीर साखर नीट पचवत नव्हतं. हे वाचलं की मला बाहत्तरचा दुष्काळ आठवतो. पोटुशी असूनही खडी फोडायला गेलेल्या आपल्या आज्या आणि आया आठवतात. त्यांची लेकरं आज पन्नाशीच्या पुढे आहेत.

मग आता हातात काय? चेन्नईत शुगरच्या उंबरठ्यावरच्या माणसांना तीन वर्षं तपासलं. नेहमीसारखं राहिलेल्यांपैकी शंभरात 55 जणांना शुगर झाली. रोजचं चालणं आणि जेवणातला बदल पाळणाऱ्यांत 39 जणांना. हळद बदलता येत नाही, चुना कमी करता येतो, तो एवढा. ज्यांना शुगर झालीच आहे त्यांनी मात्र ही आकडेवारी ऐकून गोळ्या बंद करायच्या नाहीत.

तिशी ओलांडली असेल आणि घरात कुणाला शुगर असेल, तर वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्त तपासा. 126 किंवा वर आली तर शुगर, पण दुसऱ्यांदा तपासून पक्कं करतात. 100 ते 125 म्हणजे उंबरठा.

सून किंवा लेक गरोदर असेल तर पहिल्याच तपासणीला आशाताईंना सांगा, घरात शुगर आहे म्हणून. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. 140 किंवा वर आली तर गरोदरपणातली शुगर. पहिल्यांदा ठीक आली तरी सहाव्या-सातव्या महिन्यात पुन्हा करायची. अशी शुगर निघालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनीही तपासणी असते. नेमकी तीच राहून जाते, कारण तोवर सगळं लक्ष बाळाकडे लागलेलं. पण बाळाची दीड महिन्याची लस त्याच सुमाराला येते. त्या दिवशी दवाखान्यात जायचंच असतं, तेव्हा आईचंही रक्त तपासून घ्या.