भिंतीवरचीं अक्षरें

आजचें भाषण शाळेच्या भिंतीविषयीं आहे, हें ऐकून श्रोत्यांस थोडें नवल वाटेल. ज्या घरीं पुस्तकांचें कपाट आहे, त्या घरच्या मुलाचें वर्गाची भिंत कोरी असली म्हणून फारसें बिघडत नाहीं. परंतु कोपरखैरण्यालगतच्या बोनकोडे गांवठाणांत, एका खोलींत राहणारें, ज्याच्या घरीं वाचणारें कोणी नाहीं असें एखादें मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला अक्षर भेटतें तें शाळेंतच. गुरुजी दुसऱ्या मुलाकडे वळले, कीं अडलेला शब्द विचारावा कोणाला? मग तें गप्प बसतें. आणि गप्प बसणाऱ्या मुलास मंद म्हणून आपण मोकळे होतों.

चित्रांच्या आधारें शिकविण्याची कल्पना जुनीच आहे. कोमेनिअसचें सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ सालीं निघालें. माँटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोममध्यें बालगृह काढलें. त्यांच्या पद्धतींत खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलें बोटांनीं गिरवितात. ही पद्धति आपल्याकडे आली तेव्हां तिचें साहित्य महाग होतें. ताराबाई मोडक १९४५ सालीं बोर्डीस गेल्या, तेथें अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि बिया, शिंपले, पानें, खडे हेंच साहित्य ठरलें. मुलें शाळेंत येईनात, तर शाळाच वस्तींतील अंगणांत गेली. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं तेथें कुरणशाळाही निघाली. चिंचोका मुलाच्या ओळखीचा असतो. त्या ओळखीवर नवें अक्षर टेकतें.

नेमकी हीच गोष्ट बाजारांतील तक्त्यांत हरवते. ‘म मगराचा’ असें तक्ता सांगतो. आगरी घरांतील मुलानें मगर कोठें पाहिलेली असते? मावरें मात्र तें रोज पाहतें. तेव्हां भिंतीवर मावऱ्याचें चित्र काढून खालीं तो शब्द लिहावा. शिवाय ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमानें जाण्याची घाई कशाला? क, म, न आणि एक काना एवढ्या भांडवलावर काका, मामा, कान, नाक, काम, मान इतके शब्द उभे राहतात. पहिल्याच आठवड्यांत शब्द वाचतां आला, तर मूल पुढचीं अक्षरें स्वतः मागूं लागतें.

आतां स्वावलंबनाचें पाहूं. कांहीं शाळांतून मुलें आपली हजेरी आपणच लावतात. दाराशीं नांवांच्या पट्ट्या असतात. आपली शोधावी आणि फळ्यावर अडकवावी. स्वतःचें नांव हा मुलाचा सर्वांत आवडता शब्द. तो तें चुकत नाहीं, आणि लवकरच शेजाऱ्याचेंही वाचूं लागतें. दिवसाचा क्रम चित्रांनीं लावला, तर ‘बाई, आतां काय करूं?’ हा प्रश्नही कमी होतो. सातारा तालुक्यांतील कुमठे बीटांतल्या शाळांनीं फरशीही सोडली नाहीं. वर्गाच्या जमिनीवरच आंखणी करून मुलांना तिच्याभोंवतीं बसविलें. भिंत मुलाच्या उंचीच्या वर सुरू होते, हें कोणीतरी ध्यानांत घेतलें, याचा मला विशेष आनंद वाटतो. बहुतेक तक्ते शिक्षणाधिकाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेले असतात!

एक धोका मात्र आहे. मूल चित्र पाहून ‘नाक’ म्हणतें, आणि आपल्याला वाटतें, वाचलें. परीक्षा सोपी आहे: चित्र हातानें झांकावें. शब्द तसाच आला तर ठीक. न आला तर मूल आपल्याला फसवीत नव्हतें, तक्ताच आपणां दोघांनाही फसवीत होता. म्हणून चित्र आधीं मोठें व शब्द लहान, मग शब्द मोठा व चित्र लहान, आणि शेवटीं नुसता शब्द, असें करीत जावें. घ आणि ध, भ आणि म या जोड्यांचीं चित्रें मात्र थोडीं उशीरां काढलेलीं बरीं. तीं अक्षरें मोठीं माणसेंही घाईंत एकमेकांसारखीं लिहितात.