ज्वारीच्या शेतातल्या लाटा

थंडीत कुणाच्या शेतावर हुरडा खायला गेलात, तर आधी दोन मिनिटं बांधावर उभे राहा. झुळूक आली, की ज्वारीवरून एक लाट सळसळत पळत जाईल. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. गंमत म्हणजे एकही ताट आपली जागा सोडत नाही! मग पळतं ते काय?

पळतो तो वारा. कणसांच्या वर त्याला मोकळं रान मिळतं, म्हणून तो जोरात असतो. खाली पानं आणि ताटं त्याला अडवतात, म्हणून आतली हवा सुस्त असते. दोघींची गाठ पडते कणसांच्या उंचीवर. आता एक पेन्सिल दोन तळहातांमध्ये आडवी धरा. खालचा हात स्थिर ठेवा आणि वरचा पुढे सरकवा. पेन्सिल गरगर फिरत पुढे गेली ना? तशीच तिथली हवा गुंडाळली जाते आणि तिचे भोवरे होतात. भोवऱ्याचा झोत आला की ताट वाकतं, तो पुढे गेला की पुन्हा उभं राहतं. आपल्याला दिसते ती लाट!

जपानमध्ये या लाटांना 'होनामी' म्हणतात. 'हो' म्हणजे कणीस आणि 'नामी' म्हणजे लाट. इनोए या जपानी शास्त्रज्ञानं 1955 मध्ये त्यांचा अभ्यास मांडला होता.

आता ओळींकडे बघा. रब्बी ज्वारीच्या दोन ओळींत साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट अंतर ठेवतात. वारा ओळींच्या दिशेनं आला, तर गल्लीत शिरावं तसा आत घुसतो. आडवा आला, तर प्रत्येक ओळ त्याला कुंपणासारखी अडवते आणि तो बराचसा डोक्यावरून निघून जातो. पीक वाढून पानं एकमेकांत गुंतली, की हा फरक कमी होतो.

या वाऱ्याची शेतकऱ्याला गरजही आहे. तो पानांपर्यंत ताजी हवा नेतो आणि ओल सुकवतो. ओल साचून राहिली तर बुरशी लवकर धरते. पण हाच वारा कधी कधी घात करतो. कणसं भरून जड झाली आहेत, अवकाळी पाऊस पडून माती भिजली आहे आणि त्यात वारा सुटला, तर ताटं मुळाशी कलतात किंवा मधेच मोडतात. उभं पीक एका रात्रीत लोळतं! मग दाणे काळे पडतात, कडबा खराब होतो आणि काढणीचे हाल होतात. फार दाट पेरलं तर ताटं बारीक आणि उंच होतात, ती लवकर पडतात. म्हणून जाणता शेतकरी बी बेतानं पेरतो आणि वारा सुटलेला असताना भरल्या पिकाला पाणी देत नाही.

करून पाहायचंय? सहा फुटांची एक काठी घ्या. तिला गुडघा, कंबर आणि डोकं अशा तीन उंचींवर लोकरीचे धागे बांधा. शेतमालकांना विचारून ती दोन ओळींच्या मध्ये रोवा. वरचा धागा फडफडताना खालचा काय करतो, ते वहीत लिहा. वाऱ्याची दिशा बदलली की पुन्हा बघा.

आणि हो, शाळेच्या बागेत मका लावणार असाल तर एकच लांब ओळ लावू नका. मक्याचे पराग वारा नेतो. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. ज्या केसावर पराग पडला नाही, तिथं दाणा भरत नाही. म्हणून चार-पाच छोट्या ओळी शेजारी शेजारी लावा. मग वारा कुठूनही येवो, पराग शेजारच्या ओळीत पडतील.

पुढच्या वेळी बोळकं निघालेलं कणीस हाती आलं, तर आईला सांगा, "इथं वारा पोचला नाही!"