अपशब्द, औचित्य आणि पाठभेद : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील जुन्या संवादांचे शुद्धीकरण

प्रचलित संहितेतून अशिष्ट शब्द वगळून ती नव्या वाचकासाठी ‘शुद्ध’ करण्याची प्रथा जुनी आहे. इंग्लंडमध्ये बाउडलर कुटुंबाने 1807 मध्ये आणि पुढे विस्तारित रूपात 1818 मध्ये सिद्ध केलेला ‘फॅमिली शेक्सपिअर’ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. या प्रथेचा विचार आजवर प्रामुख्याने छापील ग्रंथाच्या चौकटीत झाला. प्रस्तुत लेखात तो एका वेगळ्या माध्यमाच्या संदर्भात करावयाचा आहे. अमेरिकेतील ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा अद्भुतरम्य व्हिडिओ गेम नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला आणि आजही चालू आहे. त्यातील जुन्या संवादांत, नावांत व चित्रांत 2021 मध्ये जे फेरफार झाले, त्यांतून संहिता, तिचा स्वामी आणि तिचा वाचक यांच्या संबंधाविषयी काही मूलभूत प्रश्न उभे राहतात.

1. खेळाची संहिता

हा खेळ एकाच वेळी असंख्य खेळाडू आंतरजालावरून खेळतात. त्यात कल्पित खंड, परस्परविरोधी पक्ष, राजे, दैत्य, चाचे आणि व्यापारी आहेत. खेळाडूला कामगिऱ्या सोपविल्या जातात. त्यांचे निवेदन, पात्रांचे लिखित व ध्वनिमुद्रित संवाद, वस्तूंची आणि खेळाडूला मिळणाऱ्या ‘उपलब्धीं’ची नावे मिळून एक प्रचंड संहिता बनते. तिचा कोणी एक लेखक नाही. दोन दशकांत अनेक हातांनी ती लिहिली, वाढविली आणि बदलली आहे. या अर्थाने ती आपल्या परिचयाच्या विकसनशील महाकाव्याशी नाते सांगते.

मात्र एक भेद निर्णायक आहे. महाकाव्याच्या प्रती ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात, तर या संहितेची अधिकृत प्रत कंपनीच्या ताब्यात असते. खेळाडूच्या संगणकावर जे साठविलेले असते, ते अद्ययावत केल्याशिवाय त्याला खेळात प्रवेशच मिळत नाही. त्यामुळे नवा पाठ येतो तेव्हा तो जुन्या पाठाच्या शेजारी उभा राहत नाही. त्याची जागा घेतो.

2. सन 2021 मधील फेरफार

जुलै 2021 मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या संबंधित विभागाने स्त्री-कर्मचाऱ्यांशी होणारा भेदभाव आणि लैंगिक छळ यांचे आरोप ठेवून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या मूळ कंपनीवर खटला दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. डिसेंबर 2023 मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले. खटला दाखल झाल्यावर काही दिवसांतच कर्मचाऱ्यांनी काम थांबवून निषेध नोंदविला. खेळाच्या निर्मितीगटानेही त्याच सुमारास आपल्या जगाला अनुचित असलेले उल्लेख काढून टाकत असल्याचे जाहीर केले.

पुढील महिन्यांत, विशेषतः नोव्हेंबर 2021 च्या 9.1.5 या आवृत्तीत, हे बदल दिसू लागले. खटल्यात नाव आलेल्या एका माजी अधिकाऱ्याचे आडनाव धारण करणारे पात्र नामांतरित झाले. हिवाळी उत्सवातील ‘ब्रोज बिफोर हो हो होज’ या उपलब्धीचे नाव ‘हॉलिडे ब्रोमान्स’ असे झाले. मूळ नावात नाताळबाबाच्या हास्यावर स्त्रीविषयक एका हीन शब्दाची कोटी होती. निरनिराळ्या वंशांच्या पात्रांच्या तोंडी असलेल्या विनोदाच्या व शृंगारिक सलगीच्या काही ओळी गाळण्यात आल्या. पहुडलेल्या स्त्रीच्या एका चित्राच्या जागी फळांची परडी आली. या शेवटच्या बदलाची खेळाडूंमध्ये सर्वाधिक चेष्टा झाली. कार्यालयातील अन्यायावर भिंतीवरचे चित्र बदलणे हा उपाय कसा, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता.

3. दोष केव्हा गुण होतो?

या फेरफारांचे सरसकट समर्थन किंवा सरसकट निषेध, दोन्ही अपुरे ठरतात. येथे संस्कृत साहित्यशास्त्रातील दोषविचार उपयोगी पडतो. मम्मटादी शास्त्रकारांनी अश्लीलत्वाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानले. तथापि हा दोष नित्य नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, यांच्या औचित्याने तो दोष राहत नाही, क्वचित गुणही होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे प्रश्न शब्दाचा नसून वक्त्याचा आहे.

हा निकष लावला असता खेळातील अशिष्ट मजकुराचे दोन वर्ग पडतात. उपलब्धीचे नाव कोणतेही पात्र उच्चारीत नाही. ते निर्माता थेट खेळाडूला उद्देशून बोलतो. तेथील कोटी ही निर्मात्यांच्या बैठकीतील थट्टा असते आणि तिच्यात सामील होण्याचे निमंत्रण प्रत्येक खेळाडूला, स्त्री-खेळाडूलाही, दिलेले असते. कथेच्या कोणत्याही गरजेतून ती आलेली नाही. ती काढल्याने संहितेचे काही बिघडत नाही.

पात्राच्या तोंडचा अपशब्द मात्र निराळा. सन 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारातील सिल्व्हरपाइन वनाचा प्रसंग पाहावा. ‘होर्ड’ पक्षाचा सेनाप्रमुख गॅरॉश हेलस्क्रीम आणि मृतांमधून उठलेल्यांची राणी सिल्व्हानस विंडरनर समोरासमोर आहेत. प्रेतांना उठवून सैन्य वाढविणारी ही राणी आणि पूर्वीचा शत्रू लिच किंग यांच्यात फरक तो काय, असा जाब गॅरॉश विचारतो. आपण होर्डची सेवा करतो, हाच फरक, असे ती शांतपणे उत्तरते. यावर त्याच्यापाशी प्रतिवाद नसतो. तो तिला जपून बोलण्यास बजावतो आणि स्त्रीला दिली जाणारी एक शिवी हासडून निघून जातो. येथे शिवी हे पराभवाचे चिन्ह आहे. युक्तिवाद संपला, केवळ सत्ता उरली, हे प्रेक्षकाला त्या एका शब्दाने कळते. तो शब्द गाळल्यास गॅरॉश अधिक सभ्य होतो आणि सिल्व्हानसचा विजय फिका पडतो. स्त्रीच्या सन्मानार्थ केलेली दुरुस्ती स्त्री-पात्राच्याच विरोधात जाते.

ध्वनिमुद्रित संवादात आणखी एक अडचण असते. लिखित ओळीतील शब्द क्षणात बदलता येतो. उच्चारित ओळीत तो कापावा लागतो, नटाला पुन्हा बोलवावे लागते किंवा सबंध ओळच सोडावी लागते. अशा वेळी औचित्याच्या विचाराऐवजी सोयीचा विचार निर्णायक ठरण्याचा धोका असतो.

4. शुद्धीकरणाची नोंद

बाउडलरांची आवृत्ती निघाली तरी मूळ शेक्सपिअर ग्रंथालयांत राहिला. रोआल्ड डाल यांच्या बालपुस्तकांतील शब्दबदलांवरून फेब्रुवारी 2023 मध्ये वाद उठला, तेव्हा प्रकाशकांनी जुना पाठही स्वतंत्र मालिकेत उपलब्ध ठेवण्याचे जाहीर केले. आपल्याकडे एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि तिचा काळ व हेतू ओव्यांतून नोंदविला. राजवाडे यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि तिच्याविषयी वाद होऊ शकला, तोही प्रती शिल्लक होत्या म्हणूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत 1259 हस्तलिखिते विचारात घेतली गेली. तीत नाकारलेला पाठ फेकून दिलेला नाही. तो तळटीपेत वा परिशिष्टात वाचकापुढे ठेवलेला आहे.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या संहितेला अशी तळटीप नाही. ती उणीव खेळाडूंनी स्वतः भरून काढली. चाचणीसाठी खुल्या झालेल्या प्रत्येक नव्या आवृत्तीतील मजकूर जुन्याशी ताडून ते फरकांच्या याद्या तयार करतात. व्यवहारात हे पाठचिकित्सेचेच कार्य आहे. जुन्या पाठाची ओढ किती खोल असते, हेही पूर्वी दिसले होते. ‘कॅटॅक्लिझम’ने मूळ प्रदेशांची बरीचशी कथाच पुसून नवी लिहिली. पुढे खेळाचे आरंभीचे रूप चालविणारा ‘नॉस्टॅल्रियस’ हा अनधिकृत सर्व्हर एप्रिल 2016 मध्ये कायदेशीर इशाऱ्यानंतर बंद पडला, तेव्हा खेळाडूंनी मोठ्या संख्येने निवेदनावर सह्या केल्या. अखेरीस ऑगस्ट 2019 मध्ये कंपनीने ‘क्लासिक’ या नावाने जुने रूप स्वतःच पुन्हा उपलब्ध केले.

5. समारोप

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जिवंत संहितेत दुरुस्ती करण्याचा अधिकार तिच्या निर्मात्यांना आहे, आणि ज्यांना त्या मजकुराचा सल होता त्यांची मागणी क्षुल्लक मानता येणार नाही. परंतु जी थट्टा 2004 नंतरच्या काळात निर्मात्यांना निर्दोष वाटली, ती त्या कार्यशाळेतील वातावरणाचा पुरावाही आहे. मागमूस न ठेवता ती पुसली की अपशब्दाबरोबर त्याची साक्षही पुसली जाते. उद्याच्या अभ्यासकाला फळांची परडी दिसेल. ती तेथे का आली, हे दिसणार नाही. म्हणून अशा संहितांबाबत केवळ काय वगळावे एवढेच ठरवून भागणार नाही. वगळलेले कोठे ठेवावे, हेही ठरवावे लागेल, आणि त्यासाठी पाठचिकित्सेच्या जुन्या शिस्तीकडे नव्याने पाहावे लागेल.